नावापुढचा ए

मार्चमध्ये पास झाले.
शंभर प्रश्न, चार तास,
आणि उशीएवढी जाड तीन पुस्तकं,
पानोपानी माझ्याच हातच्या रंगीत चिठ्ठ्या.

प्रमाणपत्र टपालानं आलं. ड्रेमा लेस्टर,
पुढे पदवीची अक्षरं,
आणि अक्षरांच्या शेपटाला एक आडवी रेघ, एक ए.
ए म्हणजे अप्रेंटिस.
एक्कावन्नाव्या वर्षी.
नवऱ्यानं ते फ्रिजवर लावलं,
चुंबक नेमकं त्या ए-वर ठेवून.

एकोणीस वर्षं किराणा दुकानात बारकोड वाचले.
दुकान बंद पडलं, तेव्हा म्हटलं,
आता माणसांचे वाचू.
पण जाहिरात कुठलीही उघडा, खाली तीच ओळ:
दोन वर्षांचा अनुभव हवा.
अनुभव मिळतो कुठे? नोकरीत.
नोकरी मिळते कुणाला? अनुभव असलेल्याला.
पोहता आल्याशिवाय उतरायचं नाही, अशी ही नदी.
एकेचाळीस अर्ज. दोन उत्तरं. दोन्हींत
आभार आधी होते.

ऑक्टोबरात काउंटीच्या हॉस्पिटलातून फोन आला.
जागा तळघरात, बॉयलरशेजारी.
व्हर्जी स्टिल्टनर तिथे पस्तीस वर्षं बसलेली,
खुर्चीच्या हातांवरचा रेक्झिन तिच्या कोपरांनी खाल्लेला.
पहिल्या दिवशी म्हणाली,
'लिहिलं नाही ते झालं नाही.
बदकानं धडक दिली तरी आपल्याकडे त्याचा कोड आहे,
पण बदक डॉक्टरनं लिहिलेलं पाहिजे.'
मी हसले. ती हसली नाही.

तिसऱ्या आठवड्यात ती फाइल आली.
पुरुष, एकाहत्तर. सत्तावीस वर्षं कोळशाच्या खाणीत.
थुंकी काळी.
पायऱ्या चढताना मधेच थांबतो.
झोपतो खुर्चीत, बसून.
आणि खाली निदान: जुनाट खोकला.
बस्स. दोन शब्द.

माझे वडीलही खुर्चीतच झोपायचे.
कंपनीच्या डॉक्टरनं त्यांनाही हेच दोन शब्द दिले होते
आणि त्या दोन शब्दांवर
त्यांची भरपाई अकरा वर्षं अडून बसली, त्यांच्यानंतरही.
आई त्यांचे रुमाल वेगळ्या बादलीत धुवायची.
ते पाणी घरामागे ज्या कोपऱ्यात ओतायची
तिथे तिनं कधी काही लावलं नाही.

कोड मला पाठ आहे. जे साठ.
एक अक्षर, दोन आकडे.
पुस्तक टेबलावर ठेवलं की त्याच पानावर उघडतं.
माझी बोटं कीबोर्डवर होती.

व्हर्जी मागे येऊन उभी राहिली.
बराच वेळ नुसता बॉयलर बोलत होता.
मग म्हणाली,
'डॉक्टरला प्रश्न पाठव.
पण प्रश्नाच्या पोटात उत्तर घालून पाठवू नकोस.'

चार वेळा लिहिला. चार वेळा खोडला.
शेवटी उरलं ते असं:
डॉक्टर, रुग्णाच्या खोकल्याचं कारण
नोंदीत स्पष्ट करता येईल का?
त्यात काळं काही नाही.
खाण नाही.
बाप नाही.

पाठवला, आणि पुढची फाइल उघडली.
सात वर्षांची मुलगी, झोपाळ्यावरून पडली, मनगट मोडलं.
जखमेच्या कोडला शेवटी एक अक्षर जोडायचं असतं.
पुढल्या भेटींना डी,
मागे राहून गेलेल्या दुखण्याला एस,
आणि जखम ताजी, इलाज चालू,
तर ए.
मी ए टाइप केला
आणि त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

पाच वाजता व्हर्जीनं दिवा मालवला.
पडद्यावर माझा प्रश्न तसाच, उत्तरावाचून.
रात्री दूध काढायला फ्रिज उघडला,
बंद केला,
आणि ते चुंबक बोटभर बाजूला सरकवलं.